मांजराच्या हृदयाचे मूक दुखणे

मांजर आपला आजार लपवते, हा मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांचा अनुभव असतो. कुत्र्याला काही दुखले-खुपले तर तो धन्याच्या पायाशी येऊन बसतो. मांजर मात्र कपाटामागची किंवा पलंगाखालची अंधारी जागा शोधते. ते कमी खेळते, अधिक झोपते, आणि घरातील माणसे 'आता वय झाले' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात. हा स्वभाव ज्या आजारात सर्वाधिक घातक ठरतो, तो म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार. वैद्यकीय परिभाषेत त्याला 'कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. त्याचे अनेक प्रकार असले, तरी हृदयाच्या भिंती जाड होत जाण्याचा प्रकार, म्हणजे 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी', हा मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणारा हृदयरोग आहे.

तो दुर्मीळ आहे, असा समज असल्यास तो दूर व्हायला हवा. ब्रिटनमधील निवारा केंद्रांतल्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मांजरांची हृदयतपासणी करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १५ टक्के मांजरांच्या हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. म्हणजे दर सात मांजरांमागे साधारण एक. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. ही मांजरे कोणत्याही महागड्या जातीची नव्हती. बहुतांश साधी, मिश्र वंशाची होती. यातील सर्वच मांजरे आजारी पडतात असे नाही, हा त्यातील दिलासा. पण कोणती पडतील, हे बाहेरून ओळखता येत नाही, ही अडचण.

जाड भिंती, अपुरी जागा

मांजराचे हृदयही माणसाच्या हृदयाप्रमाणे चार कप्प्यांचे असते. निरोगी मांजराच्या हृदयाचे वजन साधारणतः २० ग्रॅमपेक्षा कमी भरते. फुफ्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येते, तेथून खालच्या कप्प्यात उतरते आणि तो कप्पा आकुंचन पावला की महारोहिणीवाटे शरीरभर जाते. हे काम करणाऱ्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत मुळातच स्नायुमय असते. या आजारात ती आणखी जाड होते. हृदय प्रसरण पावलेले असताना या भिंतीची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ती सर्वसाधारण मानली जाते. ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर आजाराचे निदान केले जाते. अवघ्या एका मिलिमीटरच्या फरकावर निदान अवलंबून असल्यामुळे या तपासणीत तज्ज्ञाच्या हाताला फार महत्त्व आहे.

स्नायू जाड झाला म्हणजे हृदय बलवान झाले, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जाड झालेला स्नायू ताठरही होतो. तो आकुंचन पावतो, पण दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात त्याला पुरेसे सैल पडता येत नाही. भिंती आतल्या बाजूला वाढल्याने कप्प्यातील जागाही कमी होते. परिणामी हृदयात रक्त भरून घेण्याची क्रियाच अडते. खाली उतरू न शकणारे रक्त वरच्या कप्प्यात साचते, तो कप्पा फुगत जातो आणि त्यातील वाढलेला दाब मागे फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्या दाबाने रक्तातील द्रव फुफ्फुसांत किंवा त्यांच्याभोवतीच्या पोकळीत झिरपू लागतो. यालाच बोलीभाषेत 'छातीत पाणी होणे' म्हणतात.

काही मांजरांत आणखी एक गुंतागुंत दिसते. डाव्या बाजूच्या झडपेची एक पाकळी रक्ताच्या प्रवाहाबरोबर ओढली जाऊन महारोहिणीच्या तोंडाशी आडवी येते. मग रक्त बाहेर टाकण्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि स्टेथोस्कोपमधून ठोक्यांबरोबर एक वेगळा, खरखरीत ध्वनी ऐकू येतो. त्याला 'मर्मर' म्हणतात.

लक्षणांवाचूनची वर्षे

या आजाराचे सर्वांत फसवे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा दीर्घ मूक काळ. मांजर कित्येक वर्षे खाते-पिते, उड्या मारते आणि आत हृदय बदलत असते. अनेक मांजरे अशाच स्थितीत आपले पूर्ण आयुष्य जगतात. एक हजाराहून अधिक आजारी मांजरांचा पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, सुमारे ३० टक्के मांजरांना पुढे हृदय निकामी होण्याचा किंवा रक्ताची गुठळी अडकण्याचा त्रास झाल्याचे आढळले. उरलेली बहुसंख्य मांजरे या संकटांपासून दूर राहिली.

पशुहृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत या प्रवासाचे टप्पे पाडले आहेत. 'ए' टप्प्यात वंशामुळे धोका असलेली, पण हृदय अद्याप निरोगी असलेली मांजरे येतात. 'बी' टप्प्यात हृदयात बदल झालेला असतो, पण लक्षणे नसतात. त्यातही वरचा कप्पा फारसा फुगलेला नसेल तर 'बी-१', आणि तो बराच फुगला असेल तर 'बी-२'. ज्या मांजरांना हृदय निकामी होण्याचा किंवा गुठळीचा त्रास एकदा झालेला आहे ती 'सी' टप्प्यात, आणि औषधांना दाद देईनाशी झालेली 'डी' टप्प्यात गणली जातात. मांजराच्या भवितव्याचा अंदाज बांधताना भिंतीच्या जाडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व वरच्या कप्प्याच्या आकाराला दिले जाते, ते याच कारणासाठी.

मूक काळ संपतो तो बहुधा अचानक. भूल देणे, शिरेतून सलाईन चढवणे, स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा प्रवास आणि नवे घर यांसारखा मोठा ताण, अशा निमित्ताने आतापर्यंत कसेबसे तग धरून असलेले हृदय थकते. नसबंदीच्या किंवा दातांच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर मांजर दगावल्याच्या काही घटनांमागे हेच न ओळखलेले कारण असू शकते. क्वचित कोणतेही पूर्वचिन्ह नसताना होणारा आकस्मिक मृत्यू हेच आजाराचे पहिले आणि शेवटचे लक्षण ठरते.

मागचे पाय लुळे पडतात तेव्हा

फुगलेल्या वरच्या कप्प्यात रक्त संथ होते, आणि संथ रक्तात गुठळी धरते. ही गुठळी सुटून महारोहिणीत गेली, की प्रवाहाबरोबर खाली वाहत जाते. ओटीपोटाच्या मागील भागात, जेथे महारोहिणीला मागच्या पायांकडे जाणारे फाटे फुटतात, तेथे ती नेमकी अडकते. घोड्यावर खोगीर बसावे तशी ती या फाट्यांवर बसते. क्षणार्धात दोन्ही मागच्या पायांचा रक्तपुरवठा तुटतो.

घरातील माणसांना दिसते ते असे : काही मिनिटांपूर्वी चालते-फिरते असलेले मांजर आर्तपणे ओरडू लागते, मागचे पाय फरफटत नेते, धापा टाकते. 'कुठून तरी पडले असेल', 'पाठीला मार बसला असेल' किंवा 'काही तरी चावले असेल' असे समजून हळद लावणे, चोळणे, सकाळपर्यंत वाट पाहणे, यात मोलाचे तास निघून जातात. गुठळीच्या त्रासाची खूण हातानेही कळते. लुळे पडलेले पाय पुढच्या पायांच्या तुलनेत थंडगार लागतात, पंजांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात, पायातील नाडी लागत नाही आणि पोटऱ्यांचे स्नायू कडक होतात. ही स्थिती अत्यंत वेदनादायक असते. त्यामुळे पशुवैद्यकाकडे पोचल्यावर पहिले काम असते ते प्रभावी वेदनाशमन.

येथे एक इशारा आवश्यक आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. तिचा विषारी अंश निष्प्रभ करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अतिशय दुबळी असते. एका गोळीनेही प्राण जाऊ शकतात.

या टप्प्यावर मालकापुढे उभा राहणारा प्रश्न कठीण असतो. उपचार करावेत, की यातनांतून सुटका करावी? एकच पाय बाधित असेल, शरीराचे तापमान फार उतरले नसेल आणि हृदय निकामी झालेले नसेल, तर आशा अधिक असते. दोन्ही पाय बाधित, अंग थंड आणि जोडीला श्वासाचा त्रास, अशा स्थितीत बचावण्याची शक्यता कमी. काही मांजरांचे पाय काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. पण गुठळी पुन्हा होण्याचा धोका कायम राहतो. वेदना आवरता येत असतील आणि घरी देखभाल शक्य असेल, तर पहिले दोन-तीन दिवस पाहून निर्णय घेण्याची वाट काही वेळा मोकळी असते. मात्र ज्याला दयामरणाचा मार्ग पत्करावा लागतो, त्याने स्वतःला निष्काळजी ठरवण्याचे कारण नाही. या आजारात अनेकदा घाला पडेपर्यंत काहीच दिसलेले नसते.

निदान कसे होते ?

स्टेथोस्कोप ही पहिली पायरी असली, तरी ती पुरेशी नाही. मर्मर ऐकू येणाऱ्या सर्वच मांजरांना हृदयरोग असतो असे नाही, आणि हृदयरोग असलेल्या अनेक मांजरांत मर्मर ऐकूच येत नाही. छातीच्या एक्स-रेने फुफ्फुसातील पाणी दिसते. पण भिंत आतल्या बाजूने जाड होत असल्याने सुरुवातीला हृदयाची बाह्याकृती बदललेली दिसत नाही. हृदयावर ताण आल्यावर रक्तात वाढणाऱ्या 'एनटी-प्रोबीएनपी' या घटकाची चाचणी उपयुक्त ठरते. विशेषतः धाप कशामुळे लागली, हृदयामुळे की दम्यासारख्या श्वसनविकारामुळे, हे ठरवताना तिची मदत होते.

निर्णायक तपासणी मात्र एकच : ध्वनिलहरींच्या साहाय्याने केली जाणारी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच 'इको'. त्यातून भिंतीची जाडी, कप्प्यांचा आकार, झडपांची हालचाल आणि कधी कधी कप्प्यात तयार होत असलेली गुठळीही दिसते. वयस्कर मांजराच्या बाबतीत त्याबरोबर रक्तदाब आणि थायरॉइडची तपासणीही केली जाते. उच्च रक्तदाब आणि थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव या दोन्हींमुळे हृदयाच्या भिंती जाड होऊ शकतात, आणि त्यांवर स्वतंत्र उपचार आहेत. मूळ कारण तेथे असेल, तर केवळ हृदयावरील औषधे देऊन भागत नाही.

वंशाचा वारसा

हा आजार पिढ्यान् पिढ्या उतरतो, याचा भक्कम पुरावा 'मेन कून' या जातीतून मिळाला. अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन राज्याचे नाव लावणारी ही भरदार, झुपकेदार शेपटीची मांजरे जगभर लोकप्रिय आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक मार्क किटलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या जातीतील आनुवंशिक हृदयस्नायुरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २००५ मध्ये कॅथरिन म्युर्स आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा जनुकीय दोष शोधला. हृदयस्नायूच्या तंतूंत 'मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी' नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या साखळीतील ३१व्या जागी अॅलनिनऐवजी प्रोलिन हे अमिनो आम्ल आले, की प्रथिनाची घडण बिघडते. २००७ मध्ये 'रॅगडॉल' या जातीतही याच जनुकात, पण वेगळ्या जागी, दोष सापडला.

या शोधांमुळे जनुकचाचणी उपलब्ध झाली. गालाच्या आतून घेतलेल्या साध्या नमुन्यावरही ती करता येते. तिच्या मर्यादा मात्र समजून घ्यायला हव्यात. आई आणि बाप अशा दोघांकडून दोष आलेल्या मांजराला धोका बराच अधिक असतो. एकाच बाजूने दोष आलेली कित्येक मांजरे निरोगी राहतात. उलटपक्षी चाचणीत दोष न आढळलेल्या मांजरालाही अन्य कारणाने हा आजार होऊ शकतो. शिवाय ही चाचणी ठरावीक जातींपुरतीच अर्थपूर्ण आहे. पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर, स्फिंक्स या जातींतही आजार दिसतो, पण त्यांना मेन कूनची चाचणी लागू पडत नाही. महाराष्ट्रातील शहरांत पर्शियन आणि आता मेन कून जातीच्या पिल्लांना मोठी मागणी आहे. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आई-बापाची इको तपासणी झाली आहे का, हा प्रश्न लसीकरणाच्या कागदाइतक्याच आग्रहाने विचारला जायला हवा.

मांजरांतील या संशोधनाला माणसांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. माणसांत हा आजार साधारणतः पाचशेत एकाला असतो आणि त्यातही हेच जनुक वारंवार दोषी आढळते. दक्षिण आशियाई लोकांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत याच जनुकाचा २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या विकाराशी संबंध आहे, हे २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून पुढे आले. अर्थात मांजरापासून माणसाला हा आजार जडत नाही. तो संसर्गजन्य नाही.

टॉरिनचा धडा

हृदयस्नायूच्या आजाराचा दुसरा एक प्रकार एके काळी मांजरांत सर्रास आढळे. त्यात भिंती जाड न होता पातळ व्हायच्या आणि हृदय फुग्यासारखे सैल पडायचे. १९८७ मध्ये डेव्हिस येथीलच पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे कारण मांडले : टॉरिन या पोषकद्रव्याची कमतरता. टॉरिनअभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ पासूनच ठाऊक होते. आता हृदयाचाही संबंध जोडला गेला. विशेष म्हणजे यातील अनेक मांजरे बाजारातील तयार खाद्यावरच वाढलेली होती. टॉरिन पुरवल्यावर त्यांचे हृदय सुधारले. उत्पादकांनी खाद्यातील टॉरिन वाढवले आणि काही वर्षांतच हा प्रकार दुर्मीळ झाला.

आपल्याकडे या धड्याची आठवण ठेवण्यास कारण आहे. मांजराला पुरेसे टॉरिन स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते मांस आणि मासळीतूनच मिळते. दुधात ते अत्यल्प असते, तर पोळी-भातात नसतेच. गावातले मांजर दूध-पोळीवर वाढले, तरी उंदीर, पाल, पाखरू पकडून ही उणीव भरून काढू शकते. सदनिकेत बंद असलेल्या मांजराला ती सोय नाही. शाकाहारी घरांनी टॉरिनयुक्त तयार मांजरखाद्य द्यावे; कुत्र्यांचे खाद्य त्याला पर्याय नाही. घरी मासे किंवा कोंबडी उकडून देणाऱ्यांनी ते पाणी फेकून देऊ नये, कारण टॉरिन पाण्यात उतरते. मात्र भिंती जाड होण्याच्या आजारावर टॉरिन हा उपाय नाही, हेही लक्षात ठेवावे.

औषधे काय करू शकतात ?

जाड झालेली भिंत पूर्ववत करणारे सर्वमान्य औषध अद्याप नाही. उपचारांचा रोख परिणाम आवरण्यावर असतो. फुफ्फुसांत पाणी झाल्यास प्राणवायू आणि लघवीवाटे द्रव बाहेर काढणारे फ्युरोसेमाइड देतात. फुफ्फुसांभोवती पाणी साठले असेल, तर ते सुईने काढतात आणि मांजराला तत्काळ मोकळा श्वास घेता येतो. त्यानंतर फ्युरोसेमाइड बहुधा आयुष्यभर चालू ठेवावे लागते, आणि त्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते.

गुठळीला आळा घालण्यासाठी पूर्वी अॅस्पिरिन वापरत. गुठळीच्या एका झटक्यातून वाचलेल्या मांजरांवर झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चित्र स्पष्ट झाले. अॅस्पिरिनवरील मांजरांत पुढचा झटका येईपर्यंतचा मध्यम काळ १९२ दिवस होता, तर क्लोपिडोग्रेलवरील मांजरांत ४४३ दिवस. तेव्हापासून क्लोपिडोग्रेलला पहिली पसंती मिळाली. वरचा कप्पा बराच फुगलेल्या मांजरांना ते पहिल्या झटक्याआधीच सुरू करतात. माणसांसाठीच्या ७५ मिलिग्रॅम गोळीचा चौथा भाग ही त्याची रूढ मात्रा असली, तरी पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना ते देऊ नये. गोळी अतिशय कडू असल्याने मांजर लाळ गाळते. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून देणे सोयीचे पडते.

लक्षणे दिसण्यापूर्वीच आजार रोखण्याच्या दिशेने मार्च २०२५ मध्ये एक पाऊल पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लक्षणविरहित मांजरांसाठी सिरोलिमस या औषधाच्या आठवड्यातून एकदा द्यावयाच्या गोळीला सशर्त मंजुरी दिली. माणसांत हे औषध अवयव-प्रत्यारोपणानंतर वापरतात. मांजरांवरील छोट्या चाचणीत १८० दिवसांनंतर भिंतीच्या जाडीत अनुकूल फरक दिसला. त्यामुळे मांजरांचे आयुष्य वाढते का, याचे उत्तर मोठ्या अभ्यासातूनच मिळू शकते. सशर्त मंजुरीचा अर्थही तोच आहे.

घरी ठेवायची नोंद

या आजाराविरुद्ध मालकाच्या हातात असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे घड्याळ. मांजर गाढ झोपलेले असताना त्याच्या पोटाची किंवा छातीची हालचाल पाहावी. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास धरावा आणि एका मिनिटातील श्वास मोजावेत. ही संख्या ३०च्या आत असावी. ती वारंवार ३०च्या वर जात असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. हृदयरोग असलेले मांजर सहसा खोकत नाही. त्यामुळे खोकल्याची वाट पाहू नये. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, मान पुढे ताणून बसणे, हिरड्या निळसर दिसणे किंवा पाय अचानक लुळे पडणे, ही तातडीची स्थिती समजावी. अशा वेळी मांजराला जबरदस्तीने धरू नये, पाणी किंवा औषध तोंडात ओतू नये. शांतपणे पेटीत ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

मध्यमवयीन मांजराची, विशेषतः बोक्यांची आणि धोक्याच्या जातींची, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाबाबत विचारणा करावी. मर्मर ऐकू आला असे सांगितले गेल्यास घाबरून न जाता, पण टाळाटाळही न करता, इको करून घ्यावा. झोपलेल्या मांजराजवळ मिनिटभर बसून श्वास मोजायला खर्च येत नाही. आठवड्यातून एकदा ती संख्या दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवली, तर आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा कोणता, हे कळते. आणि तो बदलला, की पशुवैद्यकाला दाखवायला नोंद हाताशी असते.